मागे किती जण?

१

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता अक्षर न् अक्षर म्हटलं तरी एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली असेल. आणि एका जागी तर मी चक्क थाप मारली आहे. ती कुठली ते शेवटी सांगेन, मधेच शोधायच्या भानगडीत पडू नका. माझ्या ताईला आयुष्यभर माझ्या थापा पकडता आलेल्या नाहीत, आणि ती शाळेत गणित शिकवते.

हे सगळं उकरून काढलं तेही ताईनेच. तिची मुलगी, म्हणजे माझी एकुलती एक भाची, पुढच्या शिक्षणाला परदेशी निघाली. जग एवढं मोठं, पण पोरीला प्रवेश मिळाला तो नेमका मी शिकलो त्याच समुद्रकाठच्या गावात.

"तू तिथे राहून आलायस," ताई म्हणाली. "तिला चार कामाच्या गोष्टी सांग. तिथली माणसं कशी बोलतात, कुठे जावं, कुठे जाऊ नये. आणि हे बघ, थापा नकोत. मी तुझं निम्मं सोडून देते. ही बया सगळं खरं मानते."

भाची जमिनीवर बसून बॅग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, तिथे समुद्राला लागून चालायची वाट आहे ना? माझी खोली त्या वाटेच्या या टोकाला आणि कॉलेज त्या टोकाला. रोज समुद्र बघत कॉलेजला. ऐश आहे."

"वरून रस्ता आहे," मी म्हटलं. "तिथून जा."

"चढ आहे. दुप्पट लांब पडतो. मी नकाशात बघितलंय."

"लांब पडू दे."

"का पण?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला सुचत नाही हे तिने क्वचितच पाहिलं असेल. "बघ," ती मुलीला म्हणाली, "जुळवतोय काहीतरी."

थापाड्या माणसाची हीच पंचाईत असते. घराला आग लागली म्हणून तो ओरडला, तर लोक हसत हसत खुर्ची ओढून बसतात, पुढे काय झालं ते ऐकायला. शेवटी मी पोरीला एकच नियम सांगितला. तो का सांगितला, ते तुम्हाला सांगतो.

२

माझा विषय गंज. खाऱ्या पाण्यात काँक्रीटच्या पोटातली सळई कशी कुजते, ते मी शिकायला गेलो होतो. कार्यशाळेत मिठाच्या पाण्याच्या टाक्या, त्यांत बुडवलेले ठोकळे, आणि ठोकळ्यांपेक्षा सावकाश चालणारे आमचे प्रयोग. राहायला एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे माडीवरची खोली. खोलीला खिडकी एक, ती समुद्राकडे. ओल इतकी की काडेपेटी उशीखाली घेऊन झोपावं लागे.

तिथली भाषा मी इथे शिकून, परीक्षा देऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी कळलं की ती पुस्तकातली भाषा तिथे पुस्तकाशिवाय कुणीही बोलत नाही. त्या लोकांची स्वतःची एक चालती बोली होती, आणि ती कुठल्याही शब्दकोशात नव्हती. नव्या माणसाला ते 'कोरडा' म्हणत. परीक्षेत आपटला की 'त्याचे बूट भिजले'. फार बोलायला लागला की 'खिडकी लाव'. मी महिनाभर कोरडाच होतो. पण चहाड्या, शिव्या आणि थट्टा या तीन गोष्टी मला कुठल्याही भाषेत लवकर येतात. बघता बघता मी कार्यशाळेतल्या मिस्त्र्याला 'खिडकी लाव' म्हणालो आणि सगळी टेबलं हसली. त्या दिवशी मला वाटलं, आता आपण इथले झालो.

माझ्या आधी एक आपल्याकडचा मुलगा तिथे होता. मराठी बोलायला तेवढंच एक माणूस. त्याला मी पुढारी म्हणायचो, कारण सल्ला विचारला नाही तरी तो द्यायचाच. "हे बघ," तो म्हणाला, "शब्द पाठ करून काही होत नाही. ते कधी म्हणायचे ते कळलं पाहिजे. आणि वाटेवरचं विचारणं शीक आधी. ते नाही आलं तर लोक तुला रानटी समजतील."

३

त्या वाटेचं सांगतो. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कठडा, कठड्याखाली थेट पाणी. वाट इतकी अरुंद की समोरून आलेल्या दोन माणसांना एकमेकांना ओलांडता येत नाही. म्हणून भिंतीत जागोजाग कोनाडे केलेले, एक माणूस पाठ टेकून उभा राहील एवढे. ज्याला कोनाडा जवळ तो आत शिरतो, दुसरा पुढे जातो.

पण वाट सारखी वळणं घेते. येणाऱ्याच्या मागे आणखी किती जण आहेत ते कोनाड्यातल्याला दिसत नाही, आणि मधेच बाहेर पडलं तर पुन्हा तोंडाला तोंड. म्हणून तो विचारतो. त्यांच्या बोलीतला तो शब्द इथे देऊन उपयोग नाही, आपल्याकडे 'किती?' म्हणावं तसा, तोंडातल्या तोंडात. तुम्ही स्वतःला धरून सांगायचं, 'एकच', किंवा 'तिघं', जे असेल ते. तो तेवढी माणसं पुढे जाऊ देतो आणि मग बाहेर पडतो. रेल्वेचा फाटकवाला जितक्या मख्खपणे गाडी जाऊ देतो तितकंच हे साधं. रामरामसुद्धा त्यातच उरकतो.

मी रोज दुपारी कॉलेज सुटल्यावर त्या वाटेने परतायचो. ऊन पाण्यावरून उलटून भिंतीवर हलत असायचं. ठरलेल्या वळणाआधी एक जाडसर म्हातारा भेटायचा. पूर्वी टॅक्सी चालवायचा, आता पाय मोकळे करायचा. मला लांबून बघून कोनाड्यात शिरायचा, पोट आत घ्यायचा आणि विचारायचा, "किती?"

"एकच."

"जा बाबा, कोरड्या."

४

मी स्वभावाने सरळ असतो तर ताईचे केस इतक्या लवकर पिकले नसते. एका दुपारी टॅक्सीवाल्याने विचारलं, "किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघं."

तो कोनाड्यातच थांबला. मी गाल आत ओढून हसू दाबत पुढे गेलो. पुढच्या वळणावर वाट अशी बाहेर येते की मागचा कोनाडा दिसतो. तिथे मी वाकून उभा राहिलो, म्हातारा कधी डोकं बाहेर काढतो आणि शिव्या देतो ते बघायला.

बराच वेळ तो नुसता उभा होता. मग त्याने मान थोडी वळवली आणि मोकळ्या वाटेकडे बघून विचारलं, "किती?"

तो ऐकत होता. मान हलवली. पोट आणखी आत घेतलं. समोरून कुणी जात असताना आपण नजर जशी त्याच्याबरोबर नेतो, तशी त्याची नजर डावीकडून उजवीकडे, माझ्या दिशेने सरकली. मग टोपीला हात लावून तो कोनाड्यातून निघाला आणि आपल्या वाटेने गेला.

शेरास सव्वाशेर, मी स्वतःशी म्हटलं. काय नट आहे. खोलीवर पोचेपर्यंत मी त्याचं कौतुक करत होतो. फक्त मागे वळून बघायचं नाही हे मी केव्हा ठरवलं, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखं "एकच" म्हटलं. तो म्हणाला, "जा बाबा." मी गेलो, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर मागून ऐकू आलं, "किती?"

असेल कुणी मागे. वाट काय माझ्या बापाची नव्हती.

५

मग ते रोज होऊ लागलं. आणि फक्त टॅक्सीवाला नाही. हातात पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका, शाळेची पोरं, पोस्टमन. मला विचारत, मी "एकच" म्हणे, पुढे जाई, आणि मागून पुन्हा, "किती?" पहिल्यांदा मधे इतकं अंतर असायचं की ते विचारणं लाटांच्या आवाजात अर्धं बुडून यायचं. नंतर ते नीट ऐकू येऊ लागलं. वळून बघितलं की मधे एक वळण असायचंच. पळत मागे गेलो की कोनाड्यातला माणूस बाहेर पडून चालू लागलेला असायचा, आणि वाट धुतल्यासारखी रिकामी.

आम्ही मोजमाप करणारी माणसं. कारण शोधलं. भिंतीवर आवाज आदळून उशिरा परत येत असेल. मग मी स्वतः कोनाड्यात उभा राहून ओरडून पाहिलं. काही परत आलं नाही. समुद्र सगळं गिळत होता.

कार्यशाळेच्या दाराला आपोआप मिटायचा दांडा होता. माणूस आत गेला की दार सुस्कारा टाकून सावकाश बंद होई. एके सकाळी माझ्या पाठीमागे ते निम्म्यावर थांबलं. थोडं पुन्हा उघडलं. मग बंद झालं. मी शिडी घेऊन दांडा उतरवला, तेल बघितलं, पुन्हा बसवला. मिस्त्री आत आला, दार नीट मिटलं. मी आलो, दार थांबलं.

"काय झालं रे, बूट भिजले?" मिस्त्रीने विचारलं.

"दार बिघडलंय."

"दाराला काय धाड भरलीय," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून कुणाला तरी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी घरमालकिणीकडे विषय काढला. ती चादरींच्या घड्या घालत होती. तिने दोन टोकं माझ्या हातात दिली.

"वाटेवर माझ्या मागून लोक पुन्हा विचारतात," मी म्हटलं.

"कुणाला?"

"तेच तर मी विचारतोय."

तिने चादर ताणली. "तुला विचारलं की तू काय सांगतोस?"

"एकच."

"मग तुझं काम झालं. मागच्याचं मागचा सांगेल." आणि माझ्या हातातली टोकं घेऊन तिने घडी पुरी केली. पुढची चादर उचलली तेव्हा तिने टोकं पुढे केली ती माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे. मी हात लांब करून ती पकडली. "अगंबाई," ती म्हणाली, "डोळे गेले माझे आता."

६

मी पुढाऱ्याला गाठलं. सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"अरे, घरची आठवण येतेय तुला. मला पहिल्या वर्षी नळातून आई हाक मारतेय असं वाटायचं."

"उद्या माझ्याबरोबर चल."

"चल की. आणि काही नसलं तर महिनाभर माझी भांडी तू घासायची."

दुसऱ्या दुपारी आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. सबंध वाट तो मला झोप, व्यायाम आणि लग्न या विषयांवर सल्ले देत होता. टॅक्सीवाला दिसला. कोनाड्यात शिरला. "किती?"

"दोघं," पुढारी म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढारी गेला, मी गेलो. पुढच्या वळणावर पुढाऱ्याने मला थांबवलं. "बघ आता. हा निघाला म्हणजे भांडी तुझी."

आम्ही दोघांनी बघितलं. म्हातारा हलला नव्हता. तो मोकळ्या वाटेकडे तोंड करून उभा होता. "किती?" त्याने विचारलं. अंतर आता पाच-सात पावलांचंही राहिलं नव्हतं, कारण त्याची नजर सरकत सरकत आली आणि थेट माझ्या पाठीशी येऊन थांबली.

पुढाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, म्हणजे काढायचं विसरल्यासारखं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत होता.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काही नाही. ऊन आहे." मग घड्याळ न बघताच म्हणाला, "मला जरा काम आहे." आणि पुढे चालू लागला. चालू लागला म्हणजे सभ्य भाषेत. त्यानंतर तो वरच्या रस्त्याने जाऊ लागला. कधीही न विचारता सल्ला देणारा माणूस, पण या बाबतीत त्याने मला एक शब्दही सांगितला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

७

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही वरच्या रस्त्याने गेलास? गेलो. दार तरीही निम्म्यावर थांबत होतं. जिन्यावर मी पोचल्यानंतर एक पायरी वाजत होती. खिडकीशी उभा राहिलो की काचेवर वाफ धरायची ती माझ्या तोंडासमोर एक, आणि जरा डावीकडे एक. माझा अभ्यास संपत आला होता. घरी जायचं होतं. ताईला दिवस गेले होते, आणि 'मामा कधी येतोय' म्हणून ती फोनवर पोटातल्या बाळाच्या वतीने भांडायची. त्या घरात मी एकट्यानेच शिरायचं, एवढं मला पक्कं ठरवायचं होतं.

म्हणून शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा त्या वाटेवर गेलो. भर दुपारी, ऊन होतं. टॅक्सीवाला आला, कोनाड्यात शिरला.

"किती?"

"एकच," मी म्हटलं. पण या वेळी पुढे जाऊन वळणापर्यंत गेलो नाही. लगेचच्या कोनाड्यात शिरलो, पाठ दगडाला लावली, आणि मागून येणाऱ्याला वाट दिली.

म्हाताऱ्याचा आवाज आला. "किती?"

आणि मग उत्तर आलं. त्यांच्याच बोलीत, पण आपल्या माणसाच्या जिभेने, जरा शेवटचा स्वर ओढून, जसा मी ओढतो. माझ्या आवाजात.

"एकच."

मी डोळे मिटले. मिटायला नको होते, असं आज वाटतं. पावलं आली, माझ्यासमोरून गेली. ओल्या दगडाचा वास आला. ती गेल्यावर मी बघितलं, पण तोवर तो वळणाशी पोचला होता. दिसला तो एक कोपर आणि कोटाची पाठ. काळा कोट, पाठीवर खडूचा पांढरा फराटा, फळ्याला टेकून उभं राहिल्यावर लागतो तसा. तो घाईत नव्हता. घरी जाणारा माणूस चालतो तसा चालत होता.

खोलीवर येऊन मी माझा कोट काढला आणि उलटा करून बघितला. पाठीवर काही नव्हतं. सकाळी वर्गात मी फळ्याला टेकलो होतो, ते मला तेव्हा आठवलं.

८

दुसऱ्या दिवशी दार नीट मिटलं. मला हायसं वाटलं. वाटेवर टॅक्सीवाला दिसला, पण तो कोनाड्यात शिरला नाही. सरळ चालत आला. मलाच धडपडत कठड्यावर चढावं लागलं. त्याने मला विचारलंही नाही. नंतर कुणीच विचारलं नाही.

मी घरी आलो. एकटा आलो, त्याबद्दल शंका नको. दारं नीट मिटतात, पायऱ्या मोजून तेवढ्याच वाजतात. फक्त ताई जेवायला ताटं घेते तेव्हा एक कमी पडतं. इतकी वर्षं झाली, गणिताची बाई, तरी कमी पडतं. ती कपाळाला हात लावते आणि म्हणते, "तू एवढा बडबड्या, आणि मोजताना कसा राहतोस रे?" मी हसतो. मी एवढी बडबड करायला केव्हापासून लागलो, ते तिच्या लक्षात आलेलं नाही.

म्हणून भाचीला मी एकच नियम सांगितला. "त्या वाटेवर थट्टा करायची नाही. 'किती' विचारलं की खरं तेच सांगायचं. एकटी असशील तर एकच. बाकी काही होत नाही." तिने वचन दिलं. मी तिला ओळखतो, ती थट्टा करणारी नाही.

९

परवा सकाळी तिचा फोन आला. आवाजात वारा होता.

"मामा, तू म्हणालास तसंच आहे सगळं. लोक इतके सभ्य आहेत. मला कोरडी म्हणतात."

"विचारतात?"

"रोज. मी रोज एकच सांगते. पण माझा उच्चार चुकतोय बहुतेक."

"का?"

"मी सांगून पुढे जाते ना, तरी मागून परत विचारतात."

मी खुर्चीवर बसलो. "लगेच विचारतात, की जरा वेळाने?"

"पहिल्यांदा खूप वेळाने विचारायचे. आता लगेच." ती हसली. "शिकेन रे हळूहळू."

"तिकीट काढ," मी म्हटलं. "आज. मी सांगतो आईला."

"मामा, पुरे आता. आई म्हणालीच होती, निम्मं सोडून द्यायचं." आणि दार लागल्याचा आवाज आला. ती खोलीत शिरली असावी. मी ऐकत राहिलो. ते दार मिटायला फार वेळ लागला.

शेवटी सांगेन म्हटलं होतं, ते सांगतो. यातली थाप एकच. टॅक्सीवाल्याशी मी कधीच थट्टा केली नव्हती. माणसाला आपली चूक सापडली की झोप लागते, दुसऱ्याला ती टाळायला सांगता येते, म्हणून ती मी रचली आणि इतकी वर्षं स्वतःलाही ऐकवली. 'दोघं' असं मी म्हणालोच नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्या वाटेवर मला ज्याने विचारलं, त्याला मी खरं तेच सांगितलं होतं.